बासष्ट कडव्यांचा झिपरू

दोन्ही बाजूंनी पाणी चढत होतं. मधल्या बेटावर त्रेसष्ट ढोरं होती, मी होते, आणि गावाचा गुराखी झिपरू पाण्याकडे तोंड करून पोलीसपाटलाच्या बैलाची टिंगल गात होता.

मला वाटलं, भीतीनं याचं डोकं फिरलं. आभाळ मोकळं होतं, ऊन पडलं होतं. आमच्या गोमाई नदीचं असंच आहे. पाऊस पडतो वर सातपुड्यात आणि पूर येतो आमच्या दारात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ढोरं बेटावर चरायला गेली होती. गुराख्याला भाकरी द्यायची त्या दिवशी आमच्या घराची पाळी होती, म्हणून सासूनं मला पाठवलं होतं. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. झिपरूनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि नदीचा आवाज बदलला.

“झिपरूदादा, पानी चढी ऱ्हायनं,” मी म्हणाले. “अन् तू गाना म्हणी ऱ्हायना?”

“मी गप व्हयनू का ह्या बठ्ठा ढोरे एकदम पानीमा पडतीन,” तो म्हणाला. “तू रडनं बंद कर. नहीते तुन्हावरबी कडवं करसू.”

आणि पुन्हा पाटलाचा बैल सुरू.

एवढ्यावरून तो वेडा वाटेल. गावातल्या निम्म्या लोकांना तो तसाच वाटायचा, म्हणून आधी तो कोण होता ते सांगते. त्याला कधी कोणी अहोजाहो केलं नाही. मीही करत नाही, आता करून काय उपयोग.

आमचं गाव शहाद्यापासून दोन कोसांवर. तेव्हा मोटार कोणी पाहिली नव्हती. झिपरू लहानपणी डोंगराकडून आला म्हणत. एरवी आमच्यासारखी अहिराणी बोलायचा, पण रागावला की त्याच्या तोंडून डोंगराकडची पावरी बोली निघायची आणि मग ऐकणाऱ्याला काय शिवी मिळाली तेही कळायचं नाही. उंच, वाळका, अंगावर एक धोतर आणि खांद्यावर घोंगडी. लग्न केलं नाही. सकाळी गावाची ढोरं जमतात त्या मोकळ्या जागेला आम्ही गोठाण म्हणतो. तिच्या कडेला त्याची झोपडी होती.

आमच्या गावाची वेस अरुंद. संध्याकाळी ढोरं एकदम आत घुसली की कोणाची भिंत पडायची, कोणाचं पोर तुडवलं जायचं. त्याच्या आधीचे गुराखी काठीनं मारमारून थकले. झिपरूनं काठी धरलीच नाही. तो सगळा कळप गोठाणावर थांबवायचा आणि गायचा. प्रत्येक ढोराचं एक कडवं, त्याचं त्यानंच केलेलं. ज्याचं कडवं निघालं तेच ढोर मान उचलायचं, बाकीच्यांतून वाट काढायचं आणि एकटं वेशीतून आपल्या घरी जायचं. बाकीची उभी. मग पुढचं कडवं, पुढचं ढोर. बासष्ट वेळा.

मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे पाहिलं आणि डोक्यावरची घागर उतरवायची विसरले. आजवर देवळात, जत्रेत पुष्कळ काही पाहिलं. त्याच्या तोडीचं काही पाहिलं नाही.

कडवी गोड असायची असं मात्र नाही. पोलीसपाटलाचा बांडा बैल दुसऱ्यांच्या शेतात शिरायचा. त्याचं कडवं असं होतं:

पाटीलना बांडा बैल, देव त्याले पावना,
आपला वावरमा उपाशी, दुसराना वावरमा जेवना.

पाटील स्वतः कसे होते ते गावाला माहीत होतं. त्यांनी झिपरूला ओट्यापुढं उभं केलं.

“हाई कोनावर शे?”

“बैलवर.”

“बैल कोना शे?”

“तुमना.”

“मंग?”

“मंग बैलले समजाडा ना, बापू.”

“कडवं बदल.”

“बदलं ते बैल घर येवाव नही.”

पाटलांनी ते कडवं म्हणायचंच नाही असा हुकूम काढला. झिपरूनं हुकूम पाळला. चार दिवस बैल दिवेलागण झाली तरी गोठाणावर उभा. गडी ओढायला गेला तर त्याला शिंगावर घ्यायला धावला. पाचव्या दिवशी पाटलीणबाई पदर पुढं ओढून आल्या, इकडंतिकडं पाहिलं, आणि नवऱ्याच्या बैलाचं कडवं खालच्या आवाजात म्हणून बैल घेऊन गेल्या. त्यानंतर हुकूम आपोआप मोडला.

आमच्या म्हशीचं एक शिंग मोडकं होतं. तिचं कडवं:

मोडेल शिंगनी म्हैस चालनी ऐटमा,
जशी काय घरनी धनीन निंघनी पेठमा.

माझी सासू हुबेहूब तशी चालायची. सासू चिडली आणि मी पदरात तोंड घालून हसले. त्या घरात आल्यावर मी हसले ते पहिल्यांदा.

नवं ढोर गावात आलं की झिपरू आठ दिवस त्याच्यामागं नुसता फिरायचा. काही बोलायचा नाही. लोक विचारायचे, कडवं झालं का? तो म्हणायचा, “मानसे पहिलाच दिन बोलतस, म्हनीसन चुकतस.” नवव्या दिवशी त्या ढोराच्या कानाशी तोंड नेऊन तो कडवं म्हणायचा. तीन संध्याकाळी असं. चौथ्या दिवशी ढोर हाकेला यायचं. त्यात कधी चूक झालेली मी पाहिली नाही. “ढोर खोटं चालस नही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस कसाही चालू शकतो, असं त्याला म्हणायचं असावं.

माणसांची नावं त्याला यायची नाहीत. घरं तो ढोरांवरून ओळखायचा. मी म्हणजे ‘मोडेल शिंगनी सून’. भटजी म्हणजे ‘तांबडी कालवडना बाप’. भटजींनी एकदा हटकलं तर म्हणाला, “मंग काय आंडेर म्हनू तिले तुमनी? कालवड मोठी शे, तुमले शोभस.” आमच्याकडं लेकीला आंडेर म्हणतात.

एकदा मामलेदार गावात मुक्कामाला आले. साहेब चांगले जाडजूड. गावात कवी आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून झिपरूला बोलावलं. आमच्यावर काही म्हण, असं साहेब म्हणाले. झिपरू साहेबांकडं पाहीना. तो जाऊन साहेबांच्या घोड्याजवळ बसला. घटकाभरानं उठला आणि म्हणाला:

साहेबना घोडा गरीब, काही बोलस नही,
पाठवरला भार कोनी तोलस नही.

साहेब खुशीनं हसले. त्यांच्या कारकुनानं त्यांना कानात समजावून सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. पण दुसऱ्या दिवशी साहेब गावाबाहेरपर्यंत घोड्याचा लगाम धरून पायी गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नंदुरबारच्या एका बँडवाल्याचा लंगडा टट्टू त्यानं महिनाभर सांभाळला, त्याबद्दल त्याला एक पितळी कर्णा मिळाला होता. साहेब लोकांच्या पलटणीत वाजवतात तसला, पोचे पडलेला. झिपरूला वाटलं, एवढा गळा कशाला शिणवायचा, यातूनच हाक मारू. त्यानं गोठाणावर एकदाच तो फुंकला. बासष्ट ढोरं बासष्ट दिशांना गेली. एक गाय तिसऱ्या दिवशी तापीकाठी सापडली. त्यानंतर कर्णा झोपडीत पडून राहिला आणि त्यात कोंबडी अंडी घालू लागली. झिपरू म्हणायचा, “आते खरा कामले उना.”

मी चौथीपर्यंत शिकलेली. गावातल्या बायकांत तेवढं शिकलेली कोणी नव्हती, म्हणून मला जरा मिजास होती. मी त्याला म्हटलं, झिपरूदादा, तुझी कडवी मी वहीत उतरवून ठेवते.

“कसाले?”

“ऱ्हातीन.”

“ढोरले वाचता येस का?”

वही राहून गेली. आज मला त्यातली सहा-सात आठवतात. वही केली असती तर सगळी राहिली असती. पण त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. ज्यांच्यासाठी केली, त्यांच्यापर्यंत ती पोचली.

आता त्रेसष्टावी. ती झिपरूची स्वतःची गाय.

कोणा व्यापाऱ्यानं बाजाराच्या वाटेवर एक वासरी टाकून दिली होती. चार पाय असून एकावरही उभी राहत नव्हती. झिपरूनं ती खांद्यावर घालून आणली आणि बोटानं दूध चाटवून जगवली. मोठी झाली, पण दिसायला काही नाही. मातकट रंग, पोट खपाटीला, कधी व्याली नाही, दूध नाही. ती सतत त्याच्या मागं चालायची आणि चालता चालता त्याच्या खांद्यावर तोंड टेकवायची. त्याची घोंगडी त्या जागी झिजून पांढरी झाली होती. संध्याकाळी तो गोठाणावर गायचा तेव्हा ती त्याच्याजवळ दगडासारखी उभी असायची. बासष्ट कडवी संपायची, झिपरू गप्प व्हायचा, तोंड पुसायचा, आणि तेव्हा ती हलायची. मग दोघं झोपडीत.

तिला नाव नव्हतं, कडवंही नव्हतं. मी एकदा विचारलं.

“तिले काय हाक मारू?” तो म्हणाला. “ती जास कोठे?”

गाव याला हसायचं. गावभरच्या रेड्यांना कडवी आणि घरची गाय बिननावाची. मीही हसले.

तर तो पुराचा दिवस. पोळा होऊन चार-पाच दिवस झाले होते, ढोरांच्या शिंगांना रंग तसाच होता. गावाकडचा काठ हाकेच्या अंतरावर होता. पण मधलं पाणी पुरुषभर झालं होतं आणि बेट अंगणाएवढं राहिलं होतं.

“मी पलीकडे जास,” झिपरू मला म्हणाला. “तठून एकेकले हाक मारसू. बठ्ठा एकदम उतरनात ते पानीमा गोल फिरतस, एकमेकवर चढतस अन् बुडतस. तुन्ही म्हैस निंघनी का म्हैसनी शेपूट धर. मरी गयी तरी सोडू नको. अन् मी पोचस तवलोंग तू गा.”

“मले गाना येस नही.”

“काहीबी म्हन. आवाज तुटाले नको.”

त्यानं त्याच्या गायीच्या मानेवर हात ठेवला आणि गातगातच पाण्यात उतरला. पाणी तोंडाला लागल्यावर त्याचा आवाज बंद पडला. त्रेसष्ट ढोरांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. मला दुसरं काही सुचेना. मी पाढे सुरू केले. बे एके बे. बे दुणे चार. मास्तरांनी छडी मारून बसवलेला सूर होता, तो कामाला आला. ढोरं उभी राहिली. झिपरूची गायही उभी राहिली. सतराच्या पाढ्यात मी तीन ठिकाणी चुकले, ढोरांनी चालवून घेतलं.

पलीकडून आवाज आला तेव्हा मी एकोणीसवर होते. झिपरू काठावर गुडघे टेकून गात होता:

धवयी माय, तुन्हा पाय सोनाना,
तू जठे ठेवशी तठे रस्ता गावना.

विठाबाईची पांढरी गाय, धवळी, हिनं मान उचलली. सगळ्यांतून वाट काढत ती पाण्यापर्यंत आली, एकदा थांबली आणि उतरली. लाल रंगवलेली दोन शिंगं पाण्यावरून तिरपी जाताना दिसली. ती काठाला लागली. मग दुसरं कडवं, दुसरं ढोर. वेशीत जायची तशीच एकामागून एक. मातीच्या रंगाचं पाणी, त्यात लाल-हिरवी शिंगं, आणि तो एक माणूस घसा फोडून एकेकाची खोड काढत होता. गाव काठावर जमलं होतं. पाटलाच्या बैलाचं कडवं आलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं पाटीलच म्हणत होते.

आमच्या म्हशीचं कडवं निघालं. मी शेपूट धरलं. पुढं नाकातोंडात पाणी होतं आणि हातात शेपूट होतं, एवढंच सांगता येईल. बाहेर आले तर सासू उभी. तिनं आधी म्हशीचे चारी पाय चाचपले, मग मला पाहिलं.

“वाचनी का?” म्हणाली.

“वाचनू.”

“मंग उठ, पदर ले.”

बासष्ट झाली. बेटावर एक उरली. पाणी तिच्या पोटाला लागलं होतं. ती झिपरूकडं तोंड करून उभी होती.

“हाक मार रे तिले,” पाटील म्हणाले.

“तिले कडवं नही शे, बापू.”

“मंग दुसरं कोनतंबी म्हन.”

झिपरूनं म्हटलं. ती हलली नाही. त्यानं दुसरं म्हटलं. ती तशीच. मग गावाला वाटलं, एकट्याचा आवाज पोचत नसेल. गावाला त्याची सगळी कडवी पाठ होती. कोणी धवळीचं धरलं, कोणी बांड्याचं, कोणी तांबड्या कालवडीचं. शे-दीडशे माणसं काठावर उभी राहून गाऊ लागली. मीही गात होते, ओल्या लुगड्यानं, आमच्या म्हशीचं कडवं.

झिपरू एकदम थांबला. त्याला कळलं ते आम्हाला कळलं नव्हतं. तो आमच्याकडं वळून दोन्ही हात हलवू लागला.

“गप व्हा. माय वं, गप व्हा ना. तुम्ही गाई ऱ्हायनात म्हनीसन ती उभी शे.”

पुढच्या चौघांनी ऐकलं. मागच्यांना वाटलं, तो आणखी मोठ्यानं म्हणा म्हणतोय. त्यांनी आणखी मोठ्यानं म्हटलं. त्याच्या तोंडून पावरी सुरू झाली, ती तर कोणालाच कळली नाही. पाणी तिच्या पाठीवर आलं. झिपरू वळला आणि पाण्यात शिरला.

तेव्हा सगळे भीतीनं गप्प झाले.

नदीशिवाय कसलाही आवाज राहिला नाही. आणि त्या शांततेत त्या गायीनं मान उचलली. गाणं संपलं होतं. रोजच्यासारखी ती त्याच्याकडं निघाली. मधोमध तिची त्याची गाठ पडली. त्यानं तिच्या गळ्यात हात घातलेला मला दिसला, तिनं त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलेलं दिसलं. मग धारेनं दोघांना वळवलं आणि खालच्या वाकणाआड नेलं.

दोन दिवस ढोरं घरोघरी दावणीला होती. पुरुष काठाकाठानं शोधून आले. तिसऱ्या दिवशी दुपारी झिपरू नदीकडून चालत आला. अंग खरचटलेलं, नेसायला कोणाचं तरी दिलेलं धोतर. एकटाच होता. पाटलीणबाईंनी पाळी नसताना भाकरी आणली आणि त्याच्याजवळ ठेवली.

चौथ्या दिवशी त्यानं ढोरं सोडली. संध्याकाळी परत आणली. सगळं गाव वेशीत उभं होतं. रोज पहिलं कडवं धवळीचं असायचं, ती पुढं होऊन उभीच होती. झिपरूनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं घसा खाकरला आणि आम्ही कधी न ऐकलेलं म्हटलं:

पानी उतरनं व माय, चाल आते घर,
मन्हा खांदावर तुन्हं तोंड धर.

एकाही ढोरानं मान उचलली नाही.

त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग धवळीचं कडवं म्हटलं, धवळी निघाली, आणि पुढं रोजच्यासारखं.

त्या पुरातून बासष्ट ढोरं वाचली, मी वाचले आणि झिपरू वाचला.